नाव ठेवू नका

*ताई, नमस्कार. मी ४७ वर्षांची, ठाण्यात वर्तकनगरला राहते. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि रविवार मोकळे झाले. गेल्या पावसाळ्यात आमच्या बाल्कनीत खारीचं पिल्लू पडलं होतं. ड्रॉपरने कोमट दूध पाजून तीन दिवस सांभाळलं, चौथ्या दिवशी ते गेलं. तेव्हाच ठरवलं की हे काम नीट शिकायचं. डिसेंबरपासून एका वन्यप्राणी उपचार केंद्रात दर रविवारी जाते. चार महिन्यांत पिंजरे खरवडले, रद्दी अंथरली, पपई चिरली, ताटल्या विसळल्या. एकाही पक्ष्याला हात लावू दिलेला नाही. माझ्या मुलाच्या वयाची एक मुलगी सगळ्यांसमोर दटावते, "काकू, त्यांच्याशी बोलू नका." ह्यांचं म्हणणं, घरी भांड्यांना बाई आणि रविवारी तू परक्या घारींची शिट धुतेस. सासूबाईंना रोगराईची धास्ती.*

*आता खरं सांगते. नऊ दिवसांपूर्वी सोसायटीत झाडांची छाटणी झाली. ढोलीची फांदी पडली आणि तिच्यातून पिंगळ्याचं, म्हणजे छोट्या घुबडाचं, पिल्लू खाली आलं. मी ते घरी आणलं, सेंटरला सांगितलंच नाही. चिकनचा खिमा भरवते. मला बघितलं की मान डोलावतं, हातावर येऊन बसतं. नाव पिंगू ठेवलंय. वाटतं, तिकडे झाडू मारण्यापेक्षा हे काम घरीच करावं. चुकतंय का?*

*म., वर्तकनगर*

म. ताई,

तुमच्या पत्राचं शेपूट आधी धरते. बाकीचं पुढच्या रविवारपर्यंत थांबेल, पिल्लू थांबणार नाही. हे वाचून झालं की सेंटरला फोन करा, आणि तुम्हाला दटावणाऱ्या त्या मुलीलाच करा. "नऊ दिवस माझ्याकडे पिंगळ्याचं पिल्लू आहे, खिमा भरवलाय," एवढं एका दमात सांगून टाका. किती भरवलं, दिवसातून कितीदा, पाणी पाजलं का, यातलं काही झाकू नका. ती रागावेल. रागावू द्या. तिथल्या डॉक्टरांना उपचार ठरवायला नेमकी हीच माहिती लागते.

कायद्याचंही सांगून टाकते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. पिंगळा काय किंवा पिंजऱ्यातला 'मिठू मिठू' करणारा आपला हिरवा पोपट काय, परवानगीशिवाय घरात ठेवता येत नाही. असा प्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्यांकडे कळवावं लागतं. तुमचे ४८ तास कधीच उलटले. म्हणून घाबरून पिल्लू रात्री गुपचूप झाडाखाली ठेवून येऊ नका, तो सगळ्यात वाईट मार्ग. सेंटर उचलत नसेल तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

खिम्याबद्दल. पिंगळ्याचे आईबाप पिल्लाला अख्खे किडे, पाली, उंदराची पिल्लं भरवतात. त्यात हाडं असतात, केस असतात, किड्यांची कवचं असतात. न पचलेला भाग घुबडं गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकतात आणि हाडांतला चुना पिल्लाच्या हाडांना मिळतो. निव्वळ मांसात तो जवळजवळ नसतोच. पिल्लू गुबगुबीत दिसतं, वजन वाढतं, आणि आतून पाय वाकू लागतात. नऊ दिवस म्हणजे फार नाहीत असं आपल्याला वाटतं, पण महिन्याभरात ढोलीबाहेर पडणाऱ्या पाखराच्या आयुष्यातले ते नऊ दिवस आहेत.

मान डोलावण्याचं वाचून मला हसू आलं, माफ करा. घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसवलेले असतात, आपल्यासारखे फिरवता येत नाहीत. समोरची वस्तू किती लांब आहे हे जोखायला ते मान खालीवर आणि डावीउजवीकडे हलवतं. तुम्ही दिसलात की ते नमस्कार करत नाही, खिमा किती फुटांवर आहे ते मोजतं.

हातावर येऊन बसणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. 'माणसाळणं' हा मराठीत चांगला शब्द आहे. माणसाळलेला बैल, माणसाळलेलं कुत्रं म्हणताना आपण कौतुक करतो. सेंटरमध्ये तोच शब्द रोगाच्या नावासारखा उच्चारतात. घुबडाचं किंवा घारीचं पिल्लू लहानपणी ज्याच्या हातून घास घेतं, ते आपल्याच जातीचं, अशी त्याची समजूत होऊ शकते. मग मोठेपणी खरा पिंगळा समोर आला तर ते बावचळतं आणि माणूस दिसला की खांद्यावर उतरतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. १९९६ साली नौपाड्यात आमच्या गच्चीवर मी घारीचं पिल्लू वाढवलं होतं. नाव राजा. तेव्हा मला विचारणारं कुणी नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नाही. जांभळी नाक्यावरून मासळीची आतडी आणायची आणि हाताने भरवायची. जूनमध्ये तो उडाला तेव्हा आळीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, मी पेढे वाटले. पंधरा दिवसांनी संध्याकाळी तलावपाळीवर भेळ खाणाऱ्या एका मुलाच्या खांद्यावर तो जाऊन बसला. घारीच्या नख्यांना माया दाखवायचा दुसरा प्रकार येत नाही, खांदा रक्ताळला. मुलाच्या वडिलांनी छत्री हाणली. पंख सांध्यात मोडला होता. डॉक्टरांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि इंजेक्शन भरलं. त्या वडिलांचा मला आजही राग येत नाही. त्यांच्या जागी मीही छत्रीच हाणली असती.

तर पिंगूचं नाव आजपासून बंद. सेंटरमध्ये त्याला नंबर मिळेल. चांगल्या सेंटरमध्ये अशा पिल्लांना चेहरा झाकून आणि चिमट्याने भरवतात, आणि शक्य तेवढं त्यांच्याच जातीच्या दुसऱ्या पिल्लाशेजारी ठेवतात. तुम्हाला ते कोरडं वाटेल.

आता झाडूकडे येऊ. पत्रात सगळ्यात जास्त कढ त्याचाच आहे, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय तेही त्यावरच.

पिंजऱ्याच्या तळाशी पडलेल्या रद्दीवर त्या पक्ष्याची अख्खी रात्र लिहिलेली असते. घारीची शिट पाहा. पांढरा भाग असतो, गडद भाग असतो. गडद भाग हिरवागार आणि पातळ झाला असेल तर बाईसाहेबांच्या पोटात काही गेलेलं नाही, मग ताटली रिकामी का असेना. कदाचित शेजारच्या दांडगटाने तिचा वाटा पळवला असेल. घुबडाच्या पिंजऱ्यात सकाळी गोळी पडलेली नसेल तर विचारायचं, काल याला काय दिलं होतं? रद्दीवर रक्ताचा थेंब असेल तर तो कुठून आला हे शोधायचं. डॉक्टर दिवसातून एकदा येतात आणि त्यांच्यापुढे तीस जीव असतात. ही बातमी त्यांना देणार कोण? ज्याच्या हातात खरवडणी आहे तोच. चार महिन्यांत तुम्ही एकदा तरी रद्दी गुंडाळण्याआधी तिच्याकडे नीट बघितलंत का? बघितलं नसेल तर पुढच्या रविवारी बघा आणि काय दिसलं ते त्या मुलीला सांगा. ती तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहील याची मी पैज लावते.

स्वच्छता हा उपचारांचाच भाग आहे, हे कुणी तुम्हाला बसवून सांगितलेलं दिसत नाही. तिथे सेंटरचं चुकलंच. नव्या माणसाच्या हाती झाडू द्यावा, पण सोबत कारणही द्यावं. दमट रद्दीवर आणि कुजक्या पाल्यावर ॲस्परजिलस नावाची बुरशी धरते. तिचे कण पक्ष्याच्या फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांमध्ये जाऊन बसतात. शिकारी आणि समुद्री पक्ष्यांना हा आजार चटकन गाठतो, आणि धाप दिसू लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. आपल्या ठाण्याच्या जूनमधल्या हवेत कपाटातले जोडे पांढरे होतात, तिथे पिंजऱ्याचं काय होत असेल विचार करा. बसायची दांडी घाण किंवा फार कडक असली की घारीच्या तळपायाला फोड येऊन सूज चढते, आणि मग मांज्याने कापलेला पंख बरा होऊनही पक्षी पायामुळे अडकतो. जाळीवर आपटून शेपटीची पिसं मोडली तर नवी येईपर्यंत कित्येक महिने मुक्काम वाढतो. म्हणून आतून शेडनेट, म्हणून कमी आवाज, म्हणून कमी माणसं.

आणि म्हणून "काकू, बोलू नका." आजारी माणसाशी आपण मऊ आवाजात बोलतो, डोक्यावरून हात फिरवतो, त्याला बरं वाटतं. रानातल्या जिवाला आपला आवाज आणि आपला हात शिकाऱ्याचा वाटतो. तो गप्प बसला की आपण म्हणतो, किती शांत झाला बघा. तो भीतीने गोठलेला असतो. रोहितासारख्या (फ्लेमिंगो) लांब पायांच्या पक्ष्यांचे तर नुसत्या धरपकडीच्या ताणाने स्नायू निकामी होऊ शकतात, जखम बरी होऊनही पक्षी जातो. त्यामुळे जे सेंटर चौथ्या महिन्यातही तुम्हाला हात लावू देत नाही, ते मला बरं वाटतं. वनखात्याच्या परवानगीने काम चालतं का, ठरलेले डॉक्टर आहेत का, आलेल्या आणि सोडलेल्या प्राण्यांची नोंदवही आहे का, एवढं बघून घ्या. खांद्यावर घुबड घेऊन फोटो टाकणाऱ्या मंडळींकडे मात्र चुकूनही जाऊ नका. त्यांना तुमच्यासारखी माणसं हवीच असतात.

खारीचं पिल्लू. तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात, पण ती ओळ तुम्हाला टोचतेय हे कळतं. खोटं सांगून बरं वाटायला लावणार नाही. गाईचं दूध त्यांना पचत नाही, जुलाब होतात. ड्रॉपरने पाजताना थेंब श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो, पिल्लू उताणं धरलं असेल तर धोका आणखी जास्त. बहुतेक त्यातलंच काहीतरी झालं असावं. मीही एका बुलबुलाच्या पिल्लाच्या चोचीत पाणी सोडून त्याला मारलंय. पक्ष्याची श्वासाची वाट जिभेच्या मुळाशीच उघडी असते हे मला नंतर कळलं. पुन्हा कधी पिल्लू सापडलं तर पुठ्ठ्याचा खोका, झाकणाला भोकं, आत सुती कापड, शेजारी फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, अंधार, आणि फोन. खायला नाही, प्यायला नाही. गार पडलेल्या पिल्लाला अन्न पचतच नाही, आधी ऊब. खारीचं असेल आणि जखम नसेल तर तो उबदार खोका उघडा ठेवून झाडाच्या बुंध्याशी ठेवायचा आणि लांबून लक्ष ठेवायचं, कावळा-मांजर येऊ द्यायचं नाही. आई बऱ्याचदा येते आणि पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हे आपल्या आज्यांनी सांगितलेलं खोटं आहे. जुन्नर-नाशिककडे उसाच्या फडात बिबट्याचे बछडे सापडतात. वनखात्याची माणसं त्यांना तपासून, त्यांचे हात लागून, पुन्हा त्याच फडात ठेवतात आणि रात्री मादी येऊन घेऊन जाते. बिबट्याची आई परत येते, मग खारीची का नाही येणार?

सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे. सेंटरबद्दल थोडं आणि घरातल्या पिंगळ्याबद्दल पूर्ण. त्यांना तसं सांगा, आयुष्यात एकदा तरी सून 'तुमचंच खरं' म्हणाली याचा आनंद मोठा असतो. सेंटरचे कपडे आणि चपला वेगळ्या ठेवा, घरी आल्यावर थेट न्हाणीघरात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय ना? पुढेमागे सस्तन प्राण्यांच्या विभागात जायचं असेल, म्हणजे माकडं, मुंगूस, वटवाघळं, कोल्हे, तर रेबीजची आगाऊ लस डॉक्टरांना विचारून पूर्ण करा. साधारण महिनाभरात तीन डोस होतात. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बेच्या बाजूला कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळला होता, तेव्हा हे कागदावरचं भय नाही. चावलं किंवा ओरबाडलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. आगाऊ लस घेतली असली तरी चावल्यावरचे डोस चुकत नाहीत, फक्त कमी लागतात. घरातल्या कुणाला त्या पिल्लाने चोच मारली असेल तर जखम धुऊन डॉक्टरांना दाखवा. पक्ष्यांपासून रेबीजची भीती नाही, पण जखम ती जखम.

ह्यांना काही समजावायला जाऊ नका. भांड्यांच्या बाईचा मुद्दा मात्र त्यांनी नकळत चांगला काढलाय, तिच्या कामाला घरात कोण किती मान देतं तेही एकदा बघा.

मुलीबद्दल एवढंच, की तिनं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं आणि तुम्ही ऐकायला हवं होतं. हे वाक्य तिच्याकडे गेलं तरी चालेल.

आता समजा एवढं सगळं वाचूनही तुम्हाला वाटलं, नाही हो, पिंजरे धुणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. तर तसं स्पष्ट सांगून दुसरं काम मागा, त्यात कमीपणा नाही. फोनवर बसायला माणूस लागतो. निम्मे फोन असे असतात की पिल्लू उचलायचंच नसतं. पिसं आलेली, शेपूट आखूड, उड्या मारत फिरणारी पिल्लं उडायला शिकत असतात. त्यांना जवळच्या फांदीवर ठेवा आणि मांजर हाकला, हे तुमच्या वयाच्या, ठाम आवाजाच्या बाईने सांगितलेलं लोक ऐकतात. विशीतल्या पोराचं ऐकत नाहीत. खोका घेऊन घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास न वैतागता बसणारी माणसंही लागतात. मे संपता संपता नवरंग पक्षी दक्षिणेकडून येताना इमारतींच्या काचांवर आदळतात. त्यांतल्या काहींना अंधाऱ्या खोक्यात दोन तास विश्रांती एवढाच उपचार पुरतो, पण तो खोका शांत खोलीत ठेवायला कुणीतरी हवं. पावसाचा जोर धरला की रात ढोकरी आणि वंचकांची पिल्लं रस्त्याकडेच्या झाडांवरून ढिगाने पडतात, समुद्रावरून वादळाने ढकललेले बूबीसारखे पक्षी येतात. तेव्हा कुणी कुणाला झाडू द्यायचा यावर वाद घालायला सेंटरमध्ये वेळ नसतो.

काही वेळा कामच उरत नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ रोहितांचा थवा उतरत्या विमानाला धडकला, तीसहून अधिक पक्षी मेले. त्या रात्री स्वयंसेवक वनखात्याच्या माणसांबरोबर वस्तीत फिरून मेलेले पक्षी गोळा करत होते. या कामात मरण पुष्कळ बघावं लागतं, तुम्ही चार महिन्यांत रिकामे झालेले पिंजरे पाहिले असतीलच. सगळेच सोडून दिलेले नसतात. तुम्ही विचारलं नाहीत, त्यांनी सांगितलं नाही.

तुमच्या सोसायटीत छाटणी झाली, तिथंही तुमचं काम पडलंय. फेब्रुवारी ते एप्रिल हा पिंगळ्यांचा विणीचा काळ, आणि पावसाळ्याआधीची छाटणी नेमकी तेव्हाच सुरू होते. पुढच्या खेपेला करवत लागायच्या आधी सेक्रेटरींना घेऊन झाडांखालून एक फेरी मारा. ढोल्या कुठं आहेत, कुठल्या फांदीखाली शिटेचे पांढरे डाग आहेत ते दाखवा. धोकादायक नसलेली फांदी दोन महिने थांबू शकते.

आजचं एक काम राहिलं, आणि ते तुमच्याशिवाय कुणालाच जमणार नाही, कारण झाड तुम्हाला माहीत आहे. पिल्लू पोचवून आलात की सूर्य मावळायच्या वेळी त्या झाडापासून वीसेक पावलांवर जाऊन बसा. टॉर्च नको, फोन नको. पिंगळ्यांचं ढोलीवर प्रेम असतं, फांदी गेली तरी जोडी सहसा आसपासच असते. वाचलेली भावंडं असली तर ती अजून चिरचिर करून खाणं मागत असतील. जोडी कुठून आली, कुठल्या फांदीवर बसली, तोंडात काही घेऊन कुठे गेली, किती वाजता, हे सगळं घरी येऊन लिहून काढा आणि रात्रीच त्या मुलीला पाठवा. जोडी तिथे असेल आणि पिल्लाचे पाय धड असतील, तर त्याच झाडावर लाकडी पेटी बांधून ते परत आईबापांकडे देता येतं का, हे डॉक्टर ठरवतील. पेटी बांधायला शिडी लागते. सोसायटीच्या वॉचमनकडे असते, किल्ली मागून ठेवा.